दोन काचा

"आता श्वास धरा, शेठाणीबाई," असं म्हणून द्वारकाबाईने भिंगावरची टोपी काढली आणि मनात मोजायला सुरुवात केली. एक. दोन.

समोर लाकडी खुर्चीत सायरबाई बसल्या होत्या. घुंगट मागे सारलेला, मान किंचित डावीकडे, एक हात मांडीवर. पाच आकडे मोजून होईपर्यंत त्यांनी असंच बसायचं होतं. तीन म्हणायच्या आत देवडीत कोणीतरी खाकरलं. सायरबाईंचा हात उचलला गेला आणि घुंगट थेट छातीपर्यंत आला.

द्वारकाबाईने टोपी लावली. लावून उपयोग नव्हता. फोटो उमटायची काच वाया गेली होती.

सायरबाईंचे जेठ, म्हणजे थोरले दीर, कचरूलाल देवडीतून आत आले. डोळे फरशीवर ठेवून ते चौकाच्या कडेकडेने कोठीच्या खोलीकडे निघाले.

"झालं का जी, फोटोवाल्या बाई?"

"न्हाई जी. अजून एक घ्यायचाय."

"जल्दी करा. ऊन चढून राह्यलं," ते चालता चालता म्हणाले आणि दाराआड गेले.

या घरात पुरुष माणूस खाकरल्याशिवाय चौकात पाऊल टाकत नसे. खाकरलं की चौकातल्या सगळ्या सुना चेहरा झाकत. कचरूलालांनी सायरबाईंच्या हातची भाकरी तीस वर्षं खाल्ली होती, पण चेहरा एकदाही पाहिला नव्हता. द्वारकाबाई आष्टीकडच्या शेतकरी घरातली. तिच्याकडेही सासऱ्यासमोर डोईवरचा पदर पुढे ओढत, पण चेहरा झाकत नसत. फोटो काढताना हे खाकरणं मध्ये येईल हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"मी हलले का गं?" घुंगटाच्या आतून सायरबाईंनी विचारलं.

"हललात."

"मी कुठं हलले? हात हलला. तीस वरसं झाली, हात माझं ऐकतच न्हाई. खोकल्याचं ऐकतो."

कोपऱ्यात पापड उलटत बसलेली त्यांची मुलगी प्रेमबाई हसली. मग एकदम हसायची थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती नवरा आणि सासऱ्यांबरोबर आसामात तेजपूरला जाणार होती. नवऱ्याने तिथे दुकान टाकलं होतं. सहा दिवसांची वाट होती. विलायतेत लढाई पेटलेली, गाड्या कधी बंद होतील सांगता येत नव्हतं. परत कधी येणं होईल हे कोणी विचारत नव्हतं आणि कोणी सांगतही नव्हतं. तिने जाताना एकच वस्तू मागितली होती. आईचा फोटो.

तिची मागणी ऐकून कचरूलालांनी दोन दिवस विचार केला होता. मग त्यांनी फोटोवाल्या धर्मराजला बोलावून घेतलं. "फोटो काढा. पण मर्दाची नजर पडायला नको. काढणारी बाई पाहिजे, काच धुणारी बी बाईच पाहिजे. बराबर?" धर्मराज पटकन बोलून गेला होता, "बाई हाय की आमच्याकडं." आणि घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं होतं, ती बाई म्हणजे तूच.

द्वारकाबाईने दहा वर्षं नवऱ्याच्या काचा धुतल्या होत्या. अंधाऱ्या खोलीत, लाल कंदिलाच्या उजेडात, पाण्याखाली हळूहळू वर येणारे हजारो चेहरे तिने पाहिले होते. कोणाची मान आखडलेली, कोणाचे हात मांड्यांना चिकटवलेले. गावाकडची माणसं तर कॅमेऱ्यापुढे तहसीलदारापुढे उभी राहावीत तशी उभी राहायची. द्वारकाबाई मनात म्हणायची, याला जरा बसवलं असतं तर बरं झालं असतं, हिच्या हातात काहीतरी द्यायला पाहिजे होतं. पण ते मनातच राहायचं. मनात म्हणणं वेगळं आणि माणसाला समोरासमोर सांगणं वेगळं. "मान वळव" असं तिने उभ्या आयुष्यात फक्त म्हशीला सांगितलं होतं.

चार दिवस धर्मराजने तिला शिकवलं. शेजारच्या तुळजाबाईंना खुर्चीत बसवून त्याने एकेक गोष्ट दाखवली. खांदा तिरका पाहिजे, सरळ बसवला की माणूस कपाटासारखा दिसतो. हनुवटी थोडी खाली. तोंड मिटलेलं. नजर भिंगाच्या बाजूला. आणि कॅमेरा कायम डोळ्यांच्या रेषेत, नाहीतर थोडा वर. "खालून कधीच घ्यायचा न्हाई. खालून घेतला की नाकपुड्या दिसत्यात, जबडा जड होतो. राणी बसवली तरी कामवाली दिसती." तुळजाबाई यावर रागावल्या होत्या. त्यांना वाटलं, हे आपल्याला उद्देशून आहे.

निघताना त्याने दोन काचा दिल्या. लढाईमुळे हैदराबादहून माल येत नव्हता आणि दुकानात या दोनच उरल्या होत्या. आता तो बाहेर बैठकीत बसला होता. सुपारी कातरल्याचा आवाज मधूनमधून येत होता. आत काय चाललंय हे त्याला दिसत नव्हतं, आणि विचारायला आत यायचीही सोय नव्हती.

"बसा, शेठाणीबाई. परत एकदा करू."

सायरबाईंनी घुंगट मागे घेतला. द्वारकाबाईने त्यांचा खांदा तिरका केला, हनुवटी दोन बोटांनी खाली केली आणि काळ्या कापडाखाली जाऊन पाहिलं. कॅमेऱ्याच्या मागच्या धुरकट काचेवर सायरबाई उलट्या दिसत होत्या, डोकं खाली, पाय वर. दहा वर्षांत उलटा माणूस सरळ पाहायची तिला सवय झाली होती. खांदा बरोबर होता. मान बरोबर होती. सगळं नवऱ्याने सांगितलं तसंच होतं. आणि तरी काचेवर बसलेली बाई कोणीतरी पकडून आणून बसवल्यासारखी दिसत होती. ओठ आत ओढलेले, डोळे देवडीकडे.

ती कापडाखालून बाहेर आली.

"कशी दिसून राह्यले?" सायरबाईंनी ओठ न उघडता विचारलं.

"चांगल्या."

"झूट बोलती. तुझ्या तोंडावरच दिसतं." त्यांनी पुन्हा ओठ मिटले. पुढचा एक दात पडलेला होता, तो दिसू द्यायचा नाही असं त्यांनी द्वारकाबाईला आल्या आल्या बजावलं होतं.

"देवडीकडं बघू नका, शेठाणीबाई."

"बघत न्हाई. ऐकून राह्यले."

द्वारकाबाईने आत खोलीत बसवून पाहावं म्हणून दार ढकललं. आत इतका अंधार होता की वीस आकडे मोजले तरी काच काळीच राहिली असती. गच्चीवर न्यावं तर शेजारच्या दुकानांच्या खिडक्या. चौकात अजून घटकाभर चांगला उजेड होता. त्यानंतर ऊन अंगावर येणार, आणि मग पुरुषांच्या जेवणाची वेळ.

"देवडीचं दार लावून घेऊ का?" तिने विचारलं.

"जेठजी कोठीत हायत. बाहेर निघतील तर इथूनच." सायरबाईंनी घुंगट पुढे ओढून घेतला आणि लगेच त्यांचा आवाज मोकळा झाला. "तू अशी कर, माझ्याऐवजी तुझ्या त्या शेजारणीचा फोटो देऊन टाक हिला. तेजपूरला कोण ओळखतंय? म्हणेल, ही माझी माँ."

"माँ!" प्रेमबाई म्हणाली.

"काय माँ? इतका खर्चा, इतका तमाशा. काल रात्री तुझ्या काकीजी म्हणाल्या, सायर, तोंडाला हळद लाव, फोटोत गोरी निघशील. लावली. आता त्यात पिवळी निघते का काय!"

द्वारकाबाई ऐकत राहिली. तिच्या लक्षात आलं की घुंगट खाली असला की सायरबाईंचे हात चालतात, मान हलते, बोलण्याला धार येते. घुंगट वर गेला की सगळं बंद. उघडा चेहरा त्यांना सवयीचाच नव्हता. अंगणात कपडे काढून बसवल्यासारखं त्यांना वाटत असणार.

"राहू द्या," द्वारकाबाई म्हणाली. "दुसरी काच मी वाया घालवणार न्हाई. मालकांना सांगते, जमलं न्हाई म्हणून."

सुपारी कातरल्याचा आवाज त्याच वेळी थांबला. बाहेर बसलेल्या नवऱ्याला आता काय सांगायचं, आणि तो कचरूलालांना काय सांगणार, याचा विचार करत द्वारकाबाईने काळ्या कापडाची घडी घालायला घेतली.

"मी अकरा वरसांची होते," घुंगटातून सायरबाई हळू म्हणाल्या. "इकडं आणली मला. मंग परत माहेरी एकदाच गेल्ते, तवर माँ वारली होती. तिची ओढणी आठवते. पिवळी, लाल ठिपक्यांची. हातातलं कडं आठवतं. तोंड आठवत न्हाई. किती डोळे मिटून बसले, पण येतच न्हाई. तिकडं तर फोटो बी न्हाई कोणाचा." त्यांनी घुंगट प्रेमबाईकडे वळवला. "हिचं तसं होऊ नये म्हणून हो म्हणले मी. न्हाईतर मला काय करायचा फोटो?"

प्रेमबाई पापड टाकून उठली. पिठाचे हात तसेच होते. ती आईजवळ जाऊन फरशीवर बसली आणि लहान मुलीसारखं तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. सायरबाईंनी खाली वाकून तिच्याकडे पाहिलं. घुंगट तसाच होता, दोघींच्या मध्ये लोंबत. प्रेमबाईने खालून आईकडे पाहिलं आणि रडता रडता तिला हसू आलं.

"काय हसती गं?"

"हळद अजून नाकाला हाय."

घडी घालता घालता द्वारकाबाईचे हात थांबले.

"प्रेमबाई, तिथून काय दिसतं?"

"माँ दिसती. अजून काय दिसणार?"

"घुंगट हाय की मध्ये."

"वरून हाय. खालून कुठं हाय? आम्ही पोरं अशीच तर बघत आलो. आमच्या माँचं तोंड बघायचं तर मांडीवरच यावं लागतं."

द्वारकाबाईने कापड खाली ठेवलं. "सरका जरा," ती म्हणाली आणि प्रेमबाई बाजूला होताच तिने स्वतः फरशीवर बसून मान सायरबाईंच्या गुडघ्याला टेकवली. शेठाच्या घरातल्या बाईच्या पायाशी असं बसावं की नाही हा विचार तिला नंतर सुचला. तिने वर पाहिलं. लाल घुंगटाच्या आत, तंबूत दिवा ठेवावा तसा, सायरबाईंचा चेहरा होता. डोळे बारीक झालेले, ओठ उघडे, पुढच्या दाताची मोकळी जागा. तो चेहरा कोणालाही घाबरलेला नव्हता.

"अगं, काय करून राह्यली ही?" सायरबाई हसू लागल्या.

"तसंच बसा. घुंगट उचलू नका. बिलकुल उचलू नका."

तिने कॅमेरा तिपाईवरून सोडवला. जेवायचा पाट आणवून तो फरशीवर ठेवला आणि पाटावर कॅमेरा बसवला. भिंगाच्या बाजूखाली पोळपाट सरकवला, तेव्हा भिंगाने मान वर केली. मग ती पोटावर आडवी झाली आणि डोक्यावरून काळं कापड घेतलं. काचेवर घुंगटाची कडा दिसत होती, आतला चेहरा काळा होता. उजेड वरून येत होता, त्यामुळे घुंगटाच्या आत अंधार साचला होता.

ती पडल्या पडल्या इकडेतिकडे पाहू लागली. चौकाच्या दुसऱ्या बाजूला पांढऱ्या धोतरावर पापड वाळत होते. त्या धोतरावर ऊन पडलं होतं आणि त्याचा उजेड वर, माळवदाच्या खालच्या लाकडांवर उठला होता. एरवी ती लाकडं काळीकुट्ट असायची.

"प्रेमबाई, ते पापड उचला. धोतर इकडं ओढा, पायापाशी. ऊन पडलं पाहिजे त्याच्यावर."

"पापड अजून ओले हायत!"

"असू द्या. तेजपूरला काय पापड मिळत न्हाईत?"

प्रेमबाईने पापड सुपात टाकले. काही एकमेकांना चिकटले. धोतर सायरबाईंच्या पायांपाशी आलं तसा घुंगटाच्या आतला चेहरा हळूच उजळला, जणू कोणी आतून वात मोठी केली.

द्वारकाबाईने दुसरी काच चढवली.

"आता प्रेमबाई, तुम्ही माझ्याशेजारी आडव्या व्हा. हितं, भिंगाला डोकं लावून. शेठाणीबाई, तुम्ही कॅमेऱ्याकडं बघू नका. पोरीकडं बघा."

दोघी बाया पाटाच्या दोन्ही बाजूंना फरशीवर पडल्या होत्या आणि सायरबाई त्यांच्यावर वाकल्या होत्या.

"कोणी बघितलं तर म्हणेल, या दोघी मेल्या आणि मी रडून राह्यले," सायरबाई म्हणाल्या.

द्वारकाबाईने टोपी काढली. एक. दोन. घुंगटाच्या आतला उजेड कमी होता, आठपर्यंत मोजायला हवं होतं. तीन. चार.

कोठीच्या दारात कचरूलाल खाकरले.

द्वारकाबाईने सायरबाईंच्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवरून जरासा हलला, घुंगटाकडे निघाला, आणि तिथेच थांबला. घुंगट आधीच खाली होता. झाकायला काही उरलं नव्हतं. सायरबाई मुलीकडे पाहत राहिल्या. पाच. सहा. कचरूलालांची पावलं कडेकडेने देवडीपर्यंत गेली. सात. आठ.

तिने टोपी लावली आणि कपाळ फरशीवर टेकवलं. फरशी गार होती.

घरी आल्यावर द्वारकाबाईने अंधाऱ्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. धर्मराज बाहेर उभा राहिला. शब्द दिला होता, आत यायची सोय नव्हती. दहा वर्षांत तो पहिल्यांदाच दाराच्या या बाजूला होता.

"आली का?" त्याने विचारलं.

"थांबा की. पाण्यात तर घालू द्या."

थोड्या वेळाने पुन्हा, "आली का?"

"यायला लागली."

"खांदा तिरका हाय ना?"

"खांदा न्हाई दिसत."

"खांदा न्हाई? मंग काय दिसतं?"

"तोंड."

"हनुवटी खाली हाय का?"

आत पाण्याचा आवाज आला. "खालून घेतला मी."

धर्मराज दाराला तोंड लावून म्हणाला, "कुठून?"

"खालून. फरशीवरून."

"द्वारके, चार दिवस काय सांगत होतो मी तुला?"

"ऐकलं होतं सगळं."

"नाकपुड्या दिसत असतील."

"दिसत्यात."

"तोंड तरी मिटलेलं हाय का?"

"न्हाई. हसून राह्यल्या."

"आणि तो दात?"

"दात न्हाईच की. दिसणार कुठून? जागा दिसती."

धर्मराज दारापाशीच खाली बसला. काही वेळाने त्याने अगदी वेगळ्या आवाजात विचारलं, "एवढं सांग. कसा आलाय?"

द्वारकाबाईने काच लाल कंदिलापुढे धरली. काचेवर काळं ते पांढरं होतं आणि पांढरं ते काळं. तरी तिला ओळखू येत होतं.

"तुम्हाला दाखवता आला असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

सकाळी काचेवरून छापलेला कागद वाळला तेव्हा गाडीला थोडाच वेळ राहिला होता. शेठांच्या घरच्या बायका निरोप द्यायला स्टेशनवर येत नसत, म्हणून फोटोचं पाकीट पोचवायचं काम द्वारकाबाईवर होतं. धर्मराज सोबत आला, पण ठरल्याप्रमाणे पाण्याच्या नळापाशीच थांबला.

प्रेमबाई डब्यात खिडकीशी बसली होती. शेजारी नवरा, समोर सासरे. काल पिठाचे हात घेऊन हसणारी मुलगी कुठेच दिसत नव्हती. खिडकीत फक्त हिरव्या ओढणीचा लांब घुंगट होता आणि बाहेर आलेल्या हातांवर मेंदी.

द्वारकाबाईने गजांतून पाकीट आत दिलं. तिला सांगायचं होतं की दाताची जागा दिसते, रागावू नका. की एकच काच उरली होती. पण समोर सासरे बसले होते.

प्रेमबाईने पाकिटातून फोटो काढला. तो उघड्यावर न धरता, कोणाला दिसायच्या आत तिने दोन्ही हातांनी तो घुंगटाच्या आत नेला. मान खाली गेली. ओढणी पुढे आली आणि तिच्या मांडीपर्यंत पसरली. आत काय चाललंय हे सासऱ्यांना दिसत नव्हतं, नवऱ्याला दिसत नव्हतं, आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या द्वारकाबाईलाही दिसत नव्हतं.

ती वाट पाहत राहिली. शिट्टी झाली. गाडी हलली. सासऱ्यांनी काहीतरी विचारलं, बहुतेक पाण्याच्या तांब्याचं. घुंगट हलला नाही. डबा फलाटाच्या टोकापर्यंत गेला तोवर ते हात आतच होते.

धर्मराज नळापासून पुढे आला.

"काय म्हणली? आवडला का?"

"बाहेर काढलाच न्हाई तिनं."

"म्हंजे?"

द्वारकाबाई चालू लागली होती. तो दोन पावलं मागे राहिला आणि मग घाईने तिच्या बरोबरीला आला. स्टेशनच्या बाहेर टांगे उभे होते. ती टांग्यांकडे न वळता उजवीकडे, सुतारांच्या गल्लीकडे वळली.

"इकडं कुठं?"

"रामकिसन सुताराकडं. मला एक तिपाई करून पाहिजे. माझ्या गुडघ्याएवढी. पाटावर कॅमेरा डुगडुगतो."

"काचा कुठं हायत आता?"

"येतील तवर तिपाई तर होईल."

धर्मराज रस्त्यातच थांबला, वाकला आणि आपल्या तळहाताने जमिनीपासून उंची दाखवली.

"एवढी?"

"अजून जरा खाली," द्वारकाबाई म्हणाली.